निळ्या भिंतीपुढची आई

शनिवार-रविवारी भाजे लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांचे फोटो काढणाऱ्या उमेशला घरात आईचा एक फोटो काही जमेना. बाप गेला तेव्हा आधारकार्डावरचाच फोटो मोठा करून टांगावा लागला होता. ते त्याला सलत होतं.

फ्लॅश समोरून मारला की आई सावित्राबाईचा चेहरा पिठासारखा पांढरा पडे, भिंतीवर वळवला की भिंतीच्या रंगानं ती निळी होई. फ्लॅश कधी धान्याच्या कणगीवर ठेवून पाहिला, कधी खिडकीत. शेवटी चिडून त्यानं बापाचं पांढरं धोतर भिंतीवर ताणलं आणि उजेड त्यावर मारला. चेहरा उजळला, सुरकुत्यासुद्धा दिसल्या.

फोटो कशासाठी, हे त्यानं तिला सांगितलंच नव्हतं.

"हलू नगं, आये!" तो खेकसला.

"न्हाई हलत. पर वाईच लांबून काढ, हाराला जागा ऱ्हायला पायजे."