दोन पेट्यांमधली तार

माझा थोरला भाऊ कल्याणला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करायचा. मी कचेरीतून आलो की चहा घेऊन त्याच्याजवळ बसायचो. मलाही त्यातलं बरंच कळायला लागलं होतं.

नौपाड्यातल्या एका महिला मंडळाला रेडिओवरची गाणी सगळ्या बायकांना नीट ऐकू जावीत अशी सोय हवी होती. दादाने पत्र्याच्या पेटीत अ‍ॅम्प्लिफायर बांधला. रेडिओचा आवाज त्यात सोडला, तर कर्ण्यातून नुसतं घों घों. दोन दिवस तो व्हॉल्व्ह बदलून बदलून थकला.

मीच म्हणालो, "दादा, रेडिओची आणि अ‍ॅम्प्लिफायरची चासी एका तारेने जोडून बघ ना."

"अरे, खरंच की! एवढं साधं सुचलं नाही मला."

त्याने डाख देऊन तार जोडली आणि घरघर थांबली. सतारीचा आवाज स्वच्छ आला. वहिनी कणकेच्या हातांनीच बाहेर आली आणि दारात उभी राहून ऐकत राहिली.

रेडिओ स्वस्तातला, बिनट्रान्सफॉर्मरचा होता. अशा रेडिओत विजेची एक तार थेट चासीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, लागलेली असते. लाकडी खोक्यामुळे तिला कोणाचा हात लागत नाही. आता मात्र तीच चासी पत्र्याच्या पेटीला जोडली होती. दोन पिनांचा प्लग एका बाजूने घातला तर काही होत नाही, उलटा घातला की त्या पेटीत वीज. घरी तो सुलटा बसला होता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जमलं या आनंदात दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाच्या खोलीत सगळं मांडलं. जमीन नुकतीच सारवलेली, ओली होती. चपला आम्ही बाहेर काढल्या होत्या. प्लग मी घातला. दादा आवाज वाढवायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मला वाटलं, काहीतरी निरखून बघतोय. मी प्लग ओढेपर्यंत किती वेळ गेला, देव जाणे. तो खाली पडला. शेजारच्या गल्लीतले डॉक्टर धावत आले, पण त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

तेराव्यानंतर मी वहिनीला सगळं सांगितलं. तार जोडायचं मी सुचवलं, प्लगही मीच घातला. ती रागावेल, निदान रडेल, असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "भावजी, जाताना ह्यांनी मला हाक मारली का हो?"

दादाच्या तोंडून अवाक्षरही फुटलं नव्हतं.

"मारली," मी म्हणालो.

ती डोंबिवलीला माहेरी गेली, तिथे बालवाडीत शिकवू लागली. घरी कोणी आलं, विषय निघाला, की ती त्या हाकेचं सांगायची. मी समोर असलो तर माझ्याकडे वळून विचारायची, "नाही का हो, भावजी?"

मी मान हलवायचो.