बुरमाकानने सासऱ्यांना आणलं

जारिलबेक आणि तेंतिमिश एकाच दारातून आत येताना दिसले, तेव्हाच बुरमाकानने शिवणयंत्र थांबवलं. गावात दोन तट: एक पुलाकडच्या पूलवाल्यांचा पुढारी, दुसरा बाजाराकडच्या बाजारवाल्यांचा! आमच्या आक-तेरेक गावात ही दोन माणसं एकाच मयताला जायची, पण वेगवेगळ्या वेळी. आणि आज बघा, तिच्या शिवणाच्या खोलीत एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसली होती.

"वहिनी, एक अंगरखा शिवायचाय," जारिलबेक म्हणाला. "मखमलीचा. तोरागाला घालतात ना, तसा."

तोरागा म्हणजे आमच्या नगरसभेचा अध्यक्ष. निवडणूक होऊन वसंत सरला, तरी तो ठरत नव्हता. सभेत दोन्हीकडे माणसं सारखीच. बैठक भरायची, आरडाओरडा व्हायचा, मतं बरोबरीत पडायची की पुन्हा घरी! बाहेर कचेरीसमोर पूलवाल्यांचे ट्रॅक्टर आणि बाजारवाल्यांचे ट्रॅक्टर तोंडाला तोंड लावून उभे. आता आणखी एक बैठक फसली की सभाच बरखास्त होणार होती, आणि मग रस्त्यावर काय होईल ते कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

"कोणाचा आहे अंगरखा? माप?" बुरमाकानने विचारलं.

"माप तुम्हालाच ठाऊक," तेंतिमिशने डोळा मिचकावला. "उंची या जारिलबेकएवढी, पोट तेवढं वगळा. आणि डावा खांदा जरा उतरता ठेवा. घोड्यावरून पडलेल्या माणसाचा असतो तसा."

दोघंही खो-खो हसले. बुरमाकानही हसली, हसावंच लागतं. तशा खांद्याचा माणूस अख्ख्या गावात एकच होता, आणि तो तिचा नवरा होता.

कालिक जनावरांचा डॉक्टर. पूलवाल्यांच्या गाईचं वासरू अडलं तरी तो, बाजारवाल्यांचा घोडा लंगडला तरी तोच. बाजारवाल्यांनी यादी भरायला म्हणून त्याचं नाव अगदी शेपटाला टाकलं होतं, आणि तो चुकून सभेवर निवडून आला. त्याचं कोणाशी वाकडं नाही, म्हणून आता दोन्हीकडच्यांनी मिळून तोरागा करायला त्यालाच निवडला होता. वरून दिसायला किती छान! पण बुरमाकानने याआधीचा अंगरखाही आपल्याच हातांनी शिवला होता. तो आधीच्या तोरागाचा, एशेनकुलचा.

एशेनकुललाही असाच दोन्ही तटांनी मिळून बसवला होता. तोही बिचारा कोणाचं वाकडं न करणारा, शाळेत भूगोल शिकवायचा. पुढे कुरणांच्या वाटणीवरून दोघांचं फाटलं. पूलवाले म्हणाले, एशेनकुल विकला गेला. बाजारवालेही तेच म्हणाले. त्या दिवशी दोन्हीकडची माणसं त्याच्या अंगणात शिरली आणि त्याचं घर पेटवलं. बुरमाकान तेव्हा आपल्या फाटकाची कडी धरून उभी होती. पलीकडे एशेनकुलची बायको काकिन ओरडत होती, "पाणी आणा गं, कोणीतरी पाणी आणा!" बुरमाकानने कडी काढली नाही. ती काकिन आता बस थांब्यापाशी सूर्यफुलाच्या बिया भाजून विकते. बुरमाकान तिच्याकडून बिया घेते, पण मान वर करून बघत नाही.

कालिक घरी आला तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. चूल विझलेली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

तो बूट काढत राहिला. "होतं."

"आणि मला ते अंगरख्याच्या मापावरून कळावं? शाबास! अहो, मी बायको आहे की शिंपीण?"

"तुला काय सांगू? सांगितलं असतं तर झोपली असतीस का?"

"आता झोपेन होय? नाही म्हणून सांगा त्यांना."

"दोघांना तोंडावर नाही म्हणू? आज हे दोघं एका गोष्टीवर एकत्र आलेत, तेवढ्या एकाच. ती मोडली तर त्या ट्रॅक्टरवर कोण बसलंय ठाऊक आहे ना? माझ्या धाकट्या भावाची दोन्ही पोरं. एक इकडच्या, एक तिकडच्या."

"मग सगळ्या गावाने पेटायचं नाही म्हणून आपण पेटायचं?" तिला रडू फुटलं. "मला भीती वाटते हो. खरंच फार भीती वाटते."

कालिक तिच्याजवळ खाली बसला. "मलाही वाटते," तो म्हणाला. 

शुक्रवारी दुपारी दोन्हीकडचे लोक त्यांच्याच घरी जेवायला येणार होते. मेंढी कापायची, डोकं कालिकपुढे ठेवायचं, त्याने सुरी लावली की बोलणं पक्कं. सोमवारी सभेत नुसते हात वर करायचे. कालिकने हे सांगितलं आणि बुरमाकानने डोळे पुसले.

"अहो, पण आबा आहेत की!"

कालिकने तिच्याकडे पाहिलं. बाप हयात असताना आमच्यात कोणी मेंढीच्या डोक्याला सुरी लावत नाही. तो मान बापाचा.

"तुम्ही म्हणायचं, माझा बाप जिवंत आहे, मी डोकं घेत नाही. यात कोणाचा अपमान नाही. बोलणं लांबेल, तोवर त्यांना दुसरा कोणी सापडेल. त्यांना मेलं काय, कोणीही चालतोय!"

"आबा वरच्या गावात. हे म्हणतील, बहाणा करतो."

"मग मी आबांना इथेच आणून बसवते. डोळ्यांनी बघू देत."

कालिकने विझलेल्या चुलीत काटक्या रचल्या. मग म्हणाला, "आण."

शेजाऱ्याची गाडी मागून ती स्वतः वरच्या गावाला गेली. सासरे, ओमुर म्हातारबा, जन्मभर दुसऱ्यांचे घोडे राखलेला माणूस. कानाने कमी, पाठीत वाकलेला, पण टोपी मात्र पांढरीशुभ्र, सुनेनेच शिवलेली. त्यांना तिने एवढंच सांगितलं, "पाहुणे येणार आहेत आबा, तुम्ही दारासमोर, मानाच्या जागी बसायचं." खरं सांगितलं असतं तर म्हातारा आनंदाने गावभर सांगत सुटला असता, असं तिला वाटलं. इथेच ती चुकली, बाई.

"मोठी माणसं येणार?" आबांनी गाडीत विचारलं.

"हो, मोठीच."

"मग मी कोपऱ्यात बसतो. मोठ्यांच्या पंगतीत मला कोण विचारतंय!"

शुक्रवारी खोली गच्च भरली. पूलवाले एका भिंतीला, बाजारवाले समोर, मध्ये भाकरी आणि तळलेल्या पुऱ्यांचा ढीग. कोणी कोणाच्या वाटीतला चहा पीत नव्हतं, दोन किटल्या वेगळ्या फिरत होत्या. बुरमाकान दाराच्या फटीशी उभी. हातात पळी.

तेंतिमिशने डोक्याचं ताट उचललं आणि कालिकपुढे ठेवलं. "घे भाऊ. लाव सुरी."

कालिकने छातीवर हात ठेवला. "माफ करा. माझा बाप जिवंत आहे. मी डोकं घेत नाही."

 जारिलबेकचे डोळे बारीक झाले. पण आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. फटीमागे बुरमाकानने श्वास सोडला. सुटलो, तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

तेवढ्यात तेंतिमिशने मांडीवर थाप मारली. "अरे मग अडलंय कुठे? बाप बसलाय की समोर!"

"वा! खरंच की!" जारिलबेकही ओरडला. दोघांनी मिळून ताट उचललं, दोन्हीकडून धरून, आणि म्हाताऱ्यापुढे नेऊन ठेवलं. "आबा, मान तुमचा. तुमच्या हातून पोराला द्या. त्याला आम्ही तोरागा करतोय!"

नको आबा, बुरमाकान ओठांतल्या ओठांत म्हणाली. नको, नको. पण सून सासऱ्याला पाहुण्यांसमोर काय सांगणार?

आबांनी ताटाकडे पाहिलं, मग लेकाकडे. जन्मभर कडेला बसून हाडं चघळलेला माणूस तो, त्याच्यापुढे डोकं कधी आलं नव्हतं. गालांवरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. सुरी घेतली, एक कान कापला आणि कालिकच्या हातावर ठेवला. "लोकांचं ऐकत जा रे." मग एक डोळा जारिलबेकला दिला, एक तेंतिमिशला. "तुम्ही एकमेकांकडे बघत जा."

"वाहवा!" खोली दणाणली. आबांनी तळवे उघडून आशीर्वाद म्हटला, सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. दाराआड बुरमाकाननेही फिरवले, आशीर्वादाला नाही कसं म्हणायचं? 

"वहिनी, अंगरखा आणा की!"

तिने आणला. कालिकच्या अंगावर तो असा बसला की कुठे सुरकुती नाही. बापाच्या हातून आलेलं आता त्याला परत करता येणार नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

पाहुणे गेले तेव्हा डोंगरावर अजून ऊन होतं. बुरमाकानने उष्टी ताटं तशीच टाकली आणि अंगणातल्या हातपंपावर गेली. बादली भरली, भिंतीशी ठेवली. दुधाची भांडी, कपडे धुण्याचं घमेलं, मांस शिजवलेली मोठी कढई, सगळं घासून, भरून भिंतीशी लावत गेली. कालिक पंपाचा दांडा मारू लागला, नवा अंगरखा अंगावर तसाच.

आबा काठी टेकत बाहेर आले. "सूनबाई, एवढं पाणी कशाला गं?"

"कपडे धुवायचेत, आबा."

आबा भांड्यांच्या रांगेशी आले. मग त्यांची नजर फाटकापलीकडे गेली, एशेनकुलच्या काळ्या भिंतींकडे.

"त्याचं घर जळलं तेव्हा कोणीच आलं नव्हतं का?"

"आले होते आबा, सगळे आले होते. आज जेवले ना, तेच सगळे."

"मला आधी का नाही सांगितलंस, पोरी?"

तिने पुढचं भांडं पंपाखाली सरकवलं. आबा आत गेले आणि नमाजाआधी हातपाय धुण्याचा आपला छोटा तांब्या घेऊन आले. पंपाखाली तो भरला आणि रांगेच्या शेवटी, कढईशेजारी ठेवला.