बाबारावचा घाट

आमच्या वडसांगवीत कुणी थाप मारली की लोक हसून म्हणायचे, "हा तर बाबारावचा घाट!" बाबाराव म्हणजे माझ्या आईचे वडील. लहानपणी एकदा मीही हे एका पोराला म्हणालो आणि नेमकं ते रुख्मिणी मावशीनं ऐकलं. तिनं माझा कान धरून मला वांग्याच्या वाफ्यातून अख्खं शेत फिरवलं. "आपल्याच आज्याले खोटा म्हणतं काय रे, सुरेंद्र?"

मावशीचं वय सत्तर, उंची जेमतेम, आवाज मात्र पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात ऐकू जाईल असा. नदीकाठच्या एकरभर रानात ती वांगी आणि कोथिंबीर लावते. आदिलाबादच्या बाजारात तेलुगूत भाव सांगते, हिंदीत घासाघीस करते आणि चिडली की मराठीवर येते. नवरा तिशीतच गेला, तेव्हा भावकीनं माहेरी जायला सांगितलं. मावशीचं माहेर त्याच गल्लीत, चार घरं सोडून! तिनं भावकीला दारातूनच वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी रोपं लावायला गेली.

आजोबा पैनगंगेत डोंगा, म्हणजे लाकडी नाव, चालवायचे. त्यांचं सांगणं असं, की निजामाच्या काळात आपल्या गावाला काळ्या दगडाचा घाट होता, मिठाचे नि कापसाचे डोंगे तिथे लागायचे. मावशी चार वर्षांची असताना मोठा पूर आला, घाट गाळाखाली गेला आणि गाव वर सरकलं. डोंगेवाल्यांची बाकीची घरं पोटापाण्यासाठी बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत गेली. घाट पाहिलेलं माणूस उरलं एकच, आजोबा. मागून गावात राहायला आलेल्यांना काठावर नुसती रेती दिसायची. त्यातले यशवंतराव दुकानदार एकदा भर पंचायतीत म्हणाले, "हाये त दाखव ना मंग!" दोन पुरुष खोल गाळातून आजोबा काय दाखवणार? त्यानंतर ते चावडीकडे फिरकलेच नाहीत. दोन वर्षांत गेले. मावशीनं यशवंतरावांच्या दुकानातून पुन्हा कधी काडेपेटीसुद्धा घेतली नाही.

यंदा चैत्रात नदीची धूप थांबवायला भिंत बांधायचं ठरलं. आरोही नावाची तरुण इंजिनिअर आली, तिनं काठावर चुन्याची रेघ मारली. रेघ नेमकी मावशीच्या घाटावरून! एकदा भिंत झाली की घाट कायमचा आत, आणि आजोबा कायमचे थापाडे. मावशी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. पोरगी बिचारी समजूतदार. म्हणाली, "आजी, एक पायरी दाखवा, मी रेघ मागे घेते. पण उद्या काम सुरू होईल. आज संध्याकाळपर्यंत जेसीबी तुमचा."

मावशीनं मला फोन केला. "रविवार हाये ना? मंग काऊन झोपून राह्यला? ये!" मी बँकेतला माणूस, खड्डे खणण्याचा अनुभव शून्य, तरी गाडीला किक मारली. पोचलो तेव्हा निम्मं गाव काठावर होतं आणि यशवंतराव छत्री घेऊन खुर्चीत बसले होते.

मावशीनं माळ्यावरून आजोबांचा अंबाडीचा दोर काढला. पुरात पायऱ्या पाण्याखाली गेल्या की डोंगा दगडावर आपटू नये म्हणून डोंगेवाले चिंचेखालच्या खुंट्यापासून काठाकाठानं दोर टाकत; ती चिंच नि तो खुंटा अजून जागेवर होते. दोन दोर संपले की घाट संपला, पुढे खुशाल डोंगा लावा. हे वाक्य मावशीला पाठ. आम्ही तोच दोर दोनदा टाकून मोजलं, काठी रोवली. काठीच्या अलीकडे लगेच दगड लागायला हवा. संतोष ड्रायव्हरनं बकेट घातली.

रेती. खाली गाळ. पुन्हा रेती. "आणखी खोल!" मावशी ओरडत होती. दोन पुरुष झाले, अडीच झाले, खड्ड्यात पाणी झरायला लागलं. दगड सोडा, साधा गोटाही नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बाबारावचा घाट," आणि खसखस पिकली. माझं डोकं असं तापलं की विचारू नका.

मावशी रेतीनं माखलेला दोर उचलून नदीवर गेली, घोळून घोळून धुतला आणि कोपर नि पंजाभोवती गुंडाळत परत आली. वेढे मोजायची तिची जुनी सवय. शेवटच्या वेढ्याला ती थबकली.

"सुरेंद्र, सकाळी चाळीस भरले होते ना?"

"हो. मीच मोजले."

"आता अडतीसच भरले."

"चुकली असशील."

तिनं सोडून पुन्हा मोजले. अडतीस! आणि मग ती अशी ओरडली की पलीकडच्या काठावरच्या म्हशींनी माना वर केल्या. "अरे, अंबाडी भिजली का आखडते! बाबाचा दोर कधी कोरडा होता काय? पुरात मोजे थो! आन् आमी माळ्यावरचा वाळला दोर घेऊन नाचून राह्यलो!"

डोंगेवाल्याची पोरगी, पण पन्नास वर्षं दोर घरात टांगलेला. विसर पडला होता. एक वेढा दोन हातांचा, म्हणजे एका दोराला चार हात कमी, दोन दोरांना आठ हात. आम्ही आठ हात पुढे खणत बसलो होतो! मी बूट काढून फेकले. ओला दोर घेऊन दोघं काठानं धावलो, ती खुंट्याला, मी टोकाला. काठी उपटून अलीकडे रोवली.

पहिली बकेट रेती. दुसरी रेती. ऊन उतरत चाललं होतं. कितवी तरी बकेट खाली गेली आणि खण्ण! संतोषनं इंजिन बंद केलं. सगळे धावले, फावडी आली, हातांनी गाळ उपसला. काळा, घडीव, सरळ कडेचा दगड! त्याखाली दुसरा, एक पाऊल पुढे. पायऱ्या! मी नाचलो, खरंच नाचलो, बँकेतल्या कुणी पाहिलं नाही हे बरं झालं.

पाचव्या पायरीला पाणी लागलं. पुढे खणणं शक्य नव्हतं. आरोहीनं रेघ मागे घेतली आणि पंचनामा लिहायला घेतला. "पायऱ्या पाच."

"तेरा हायेत," मावशी म्हणाली. "बाबा सांगत." तिचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

"आजी, दिसल्या तेवढ्याच लिहिता येतात मला. नाहीतर गावातल्या कुणी तरी साक्ष म्हणून सही करायला हवी. तुम्ही घरच्या, तुमची चालणार नाही."

कुणीच पुढे येईना. पाण्याखालचं कोण सांगणार?

यशवंतराव खुर्चीतून उठले. छत्री मिटली, चपला वर काढल्या आणि एकेक दगड चाचपत पाचव्या पायरीवर घोटाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. तिथूनच हात पुढे केला.

"तेरा लिही, पोरी. बाबाराव तेरा म्हणे, त तेराच हायेत. आन इकडं कागद, कुठी सही करू?"