दुलईखालची जाळी
इस्त्रीखाली कापड जास्त तापल्याचा वास आला की मला चाकणच्या चौकातली ती दुपार आठवते. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि चिंचवडच्या दवाखान्यातून मी त्यांना राजगुरुनगरला घरी नेत होते. माझी गाडी चार्जिंगवर आणि पेट्रोलवर, दोन्हींवर चालणारी. आबा मागच्या सीटवर आडवे, अंगावर जाड दुलई. चौकात कंटेनरांच्या मधे अडकलो आणि समोरच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली : बॅटरी फार तापली आहे, गाडी थांबवा. पाठोपाठ तो वास. बॅटरी आबांच्या खालीच आहे हे आठवलं. गाडी बंद करायचं बटण सापडेना, मी एसीचंच दाबत राहिले. कशीबशी गाडी बंद केली आणि ओरडले, “आबा, उतरायचंय, लगेच!” “मला न्हाई जमायचं. तू उतर, लांब जा,” ते अगदी शांतपणे म्हणाले, आणि त्या शांतपणानेच मी जास्त घाबरले. माझा आरडाओरडा ऐकून शेजारच्या कंटेनरचा ड्रायव्हर धावत आला. आम्ही दोघांनी आबांना उचलून दुभाजकावर बसवलं. दुलई ओढली तेव्हा सीटच्या कडेची जाळी दिसली. बॅटरीला गार हवा तिथून मिळते आणि दुलईने ती पुरती झाकली होती. दारं उघडी ठेवून बराच वेळ थांबलो. मग गाडी चालू केली, तेव्हा लाल अक्षरं नव्हती. आता आबा काठीशिवाय चालतात आणि हा किस्सा पाहुण्यांना हसत हसत सांगतात. मला लांब जायला सांगितलं होतं, तेवढं मात्र गाळतात.