गॉलवेहून कॉर्कला जाताना

लेक नर्स म्हणून आयर्लंडला गेली, त्याला सहा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात तिने आम्हा दोघांना तिकडे बोलावून घेतलं. जाताना माझ्या मनात तिच्याविषयी अढी होती, हे आधीच सांगते.

तीन वर्षांपूर्वी ह्यांची बायपास झाली, तेव्हा ती आली नव्हती. काळेवाडीहून चाकणला कामगारांची बस चालवण्यात ह्यांचा जन्म गेला. त्या दिवशी चाकणजवळ महाळुंग्याला कंपनीच्या गेटपाशी गाडी लावली, सगळे उतरेपर्यंत थांबले, आणि मग छातीला हात लावून तिथेच बसले. एकुलती एक लेक, त्यात नर्स, आणि फोनवर म्हणते, "मम्मी, मला रजा नाही मिळत गं." ऑपरेशन चालू असताना दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी तिला म्हणाले होते, "तुला काळीजच उरलं नाही. परक्यांचे आईबाप सांभाळतेस आणि स्वतःचा बाप इथं..." पुढचं तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. फोन बंद झाला होता. पुढे हे बरे होऊन घरी आले. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, रोज व्हायचं. पण त्या फोनचा विषय दोघींनी कधी काढला नाही.

डब्लिनच्या विमानतळावर लेक आणि जावई दोघं आले होते. लेक वाळली होती. मी म्हटलं, "खातेस की नाही?" ती हसली आणि माझ्या हातातली बॅग घेतली.

दोन दिवस आम्ही डब्लिन बघितलं. नदीवरचे पूल, विटांच्या लालभडक इमारती, रंगवलेले दरवाजे. मग ते राहतात त्या गॉलवेला गेलो. तिथून लेकीने चार दिवसांची रजा काढली आणि म्हणाली, समुद्राच्या कडेकडेने, मग लिमरिकवरून खाली कॉर्कपर्यंत तुम्हाला फिरवून आणते. जावई येणार नव्हते. "माझी ड्यूटी आहे," म्हणाले. निघताना ते लेकीशी गाडीपाशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी असेल.

गाडी लेक चालवत होती. हे तिच्या शेजारी. तिथेही स्टेअरिंग आपल्यासारखं उजवीकडेच, पण डावीकडे बसूनही ह्यांचा पाय सवयीने उगाचच ब्रेक दाबत होता. रस्ता एवढा अरुंद, की समोरून गाडी आली तर एकाने थांबायचं. थांबणाऱ्याला दुसरा हात वर करून जायचा. हे म्हणाले, "इथं हॉर्न कशाला बसवतात गाडीला?" लेक खळखळून हसली. दोन्ही बाजूंना नुसत्या दगडांवर दगड रचलेल्या भिंती, पलीकडे हिरवंगार रान आणि मेंढ्या. कोणाची मेंढी हे कळावं म्हणून त्यांच्या पाठीवर निळा-लाल रंग मारलेला. मग समुद्राचे ते उंच कडे आले. वारा असा, की पदर धरू की ह्यांना धरू. हे कड्यापासून दहा पावलं लांब उभे राहून खाली बघत होते. "एवढं बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं," म्हणाले. मला बरं वाटलं. लेकीवरचा राग त्या वाऱ्यात थोडा गेलाच म्हणा.

कड्यांपासून अर्ध्या तासावर तिने गाडी मुख्य रस्त्यावरून आत वळवली.

"बाळा, लिमरिकची पाटी तर सरळ होती," हे म्हणाले. पाटी चुकणारा माणूस नाही हा.

"इथे थोडं थांबायचंय, पप्पा."

गाव लहानसं. गॉलवेला बदली होण्याआधी ती तिथे नोकरीला होती, हे आम्हाला माहीत होतं. मला वाटलं, मैत्रिणीकडे नेतेय. गाडी थांबली ती दफनभूमीच्या फाटकापाशी. आत चालत शेवटच्या कोपऱ्यात गेलो. तिथली थडगी हातभर लांबीची होती. कुठे भिरभिरं खोचलेलं, कुठे रंगवलेले दगड, कुठे पावसाने भिजलेलं कापडी अस्वल. एका पांढऱ्या दगडापाशी लेक थांबली. त्यावर एक नाव होतं आणि खाली तिचं आडनाव.

"मम्मी, ही माझी मुलगी," ती म्हणाली.

ती दगडावर हात ठेवून सांगू लागली.

"सातवा महिना चालू होता. तुम्हाला अचानक सांगून चकित करायचं ठरवलं होतं आम्ही. मग पप्पांना अटॅक आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या पोटातली हालचाल थांबली."

"म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी..."

"मी दवाखान्यातच होते. तुझा फोन आला तेव्हा ती माझ्या शेजारी ठेवली होती."

मी तिथेच गवतात बसले. मी फोनवर जे बोलले होते, ते तिने आपल्या मेलेल्या लेकराशेजारी पडून ऐकलं होतं.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तू जिन्यात एकटी उभी होतीस, मम्मी. पप्पा आत. तुला काय सांगणार होते मी? नंतर डॉक्टर म्हणाले, पप्पांना धक्का बसेल असं काही नको. मग दिवस गेले, आणि सांगायला तोंडच उघडेना. परवा तुमचे जावई म्हणाले, तू एकटीच घेऊन जा त्यांना. मी असलो तर ते मोकळेपणी रडणार नाहीत."

हे मात्र रडले नाहीत. त्यांनी टोपी काढली, दगडावर पडलेली ओली पानं हाताने बाजूला केली आणि विचारलं, "वजन किती होतं?"

"नऊशे ग्रॅम."

"कोणासारखी होती?"

"कपाळ तुमच्यासारखं होतं, पप्पा. मोठं."

मी विचारलं, अंगावर काय घातलं होतं. ती म्हणाली, तिथल्या म्हाताऱ्या बायका अशा बाळांसाठी इवल्या टोप्या विणून दवाखान्यात देऊन जातात. त्यातली पिवळी घातली होती. माझ्या नातीसाठी पहिली टोपी विणली ती कुठल्या परक्या बाईने. तिला मी कुठे शोधू?

ह्यांनी हात जोडून त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला ते अडले. पुढचं लेकीने म्हटलं, मी नुसते ओठ हलवले.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "परत गॉलवेला जाऊ या का?" हे म्हणाले, "नको. चल पुढे." लिमरिक कधी गेलं मला आठवत नाही. कॉर्कमध्ये मासळीचा आणि भाज्यांचा मोठा बाजार बघितला, असं फोटोत दिसतं.

कॉर्कला दुसऱ्या दिवशी सकाळी हे खाली फिरायला गेले, तेव्हा मी तिला म्हटलं, "बस इथं, तेल लावते." ती लहानपणीसारखी माझ्या पायांपाशी बसली. मागून बोलणं सोपं जातं.

"त्या दिवशी मी जे बोलले..."

"राहू दे ना, मम्मी."

"नाही, बोलू दे. चुकले मी."

ती म्हणाली, "ते मी विसरले नाही. खोटं कशाला सांगू? खूप दिवस तुझा फोन उचलताना हात थरथरायचा. आता नाही थरथरत."

एवढंच म्हणाली. ह्यापेक्षा जास्त मागायला मला तोंड नव्हतं. तिच्या पाठीवर हात ठेवून मी रडले. ती रडली नाही. तिचं रडून कधीच झालं होतं, मी तिथे नसताना.

आता दोन-तीन महिन्यांनी ती त्या दफनभूमीत जाते आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावते. वाऱ्याने बोलणं नीट ऐकू येत नाही. हे फोन अगदी जवळ धरून बघतात. गवत वाढलं असेल तर मी तिला उपटायला सांगते. ती फोन दगडाला टेकवून ठेवते आणि गवत उपटायला लागते, आणि मी इथे काळेवाडीत हात मांडीवर घेऊन बसून राहते.