विक्रमी विक्री, सीलपॅक

मोबाईलच्या दुकानात किस्से शोधायला जावं लागत नाही. गिऱ्हाईक काउंटरवर जुना फोन ठेवतं, आपण कव्हर काढतो, त्यातून एसटीचं तिकीट निघतं, देवाचा फोटो निघतो, आणि मागोमाग एक किस्साही निघतो. अकरा वर्षांत माझ्याकडे इतके साठलेत, की सांगायला बसले तर समोरच्याचा चहा गार होतो.

पण हल्ली सांगताना हसू येत नाही. रागच येतो. पेपरात 'नव्या फोनची पहिल्याच दिवशी विक्रमी विक्री' असं वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे, विक्रम विक्रम काय करता? तो केला कोणी? मी केला! ह्या दोन हातांनी!

मी वैशाली. जळगावात नानांचं मोबाईलचं दुकान आहे, तिथे काउंटरला असते. दुकान नानांचं, पण माझा पगार फोनच्या कंपनीकडून येतो. आम्हाला 'प्रमोटर' म्हणतात. म्हणजे छप्पर नानांचं, पगार कंपनीचा आणि घाम माझा!

आजूबाजूच्या गावांतून माणसं माझं नाव विचारत येतात, ती एकाच कारणाने. मी डबा गिऱ्हाइकाच्या हातात देते आणि म्हणते, "सील तुम्हीच फाडा." वैशालीताईने सीलपॅक म्हटलं म्हणजे सीलपॅक! ह्या काउंटरवर माझ्या मालकीचं दुसरं काही नाही, हा एवढा शब्दच आहे. आणि कंपनीला नेमका तोच लागत होता.

*

आमचे एरिया साहेब म्हणजे कंपनीने जळगाव आणि धुळे जिल्ह्यांसाठी नेमलेला माणूस. आधी सेंटचा वास येतो, मग साहेब येतात.

एका लाँचला त्यांनी फर्मान काढलं. "सकाळी नऊला दुकानासमोर लाइन दिसली पाहिजे! व्हिडिओ काढायचाय. लाइन बघून लाइन लागते!"

आता लाइन आणायची कुठून? चहावाला उभा केला, शेजारच्या चपलांच्या दुकानातली दोन माणसं उभी केली, नानांचे साडू उभे केले. तरी लांबी कमी पडायला लागली, तेव्हा मी माझ्या सासूबाईंना घेऊन आले. व्हिडिओवाला नेमका त्यांच्याच समोर गेला.

"आजी, एवढ्या सकाळपासून उभ्या आहात! नव्या फोनमधलं काय आवडलं?"

सासूबाई म्हणाल्या, "पोहे आहेत असं वैशाली बोलली होती. अजून आले नाहीत."

तेवढ्यात नशिराबादचा एक माणूस मोटरसायकलवर आला. त्याला खरंच फोन घ्यायचा होता हो! त्या दिवशीचं आमचं एकमेव खरं गिऱ्हाईक! त्याने गाडी थांबवली, लाइन पाहिली आणि म्हणाला, "बापरे, एवढी गर्दी? मला ड्युटीला जायचंय." समोरच्या दुकानात शिरला आणि दहा मिनिटांत दुसऱ्याच कंपनीचा फोन घेऊन निघून गेला.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ द्या हो. तो व्हिडिओत आला ना?"

*

त्याच साहेबांचा दुसऱ्या लाँचचा हुकूम. दुपारी बाराला फोन आला. "दारावर पाटी लावा, 'माल संपला'. मिळत नाही म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो!"

आत डब्यांची थप्पी लागलेली. पिंप्राळ्याची एक मुलगी बापाला घेऊन तोच फोन घ्यायला आली होती, नर्सिंगला नंबर लागला म्हणून. तिला मी 'नाही' म्हणू? फोन माझ्या मागच्या कपाटात असताना? मी साहेबांना काही विचारलं नाही, तिला गुपचूप देऊन टाकला. पण पाटी लावणं भाग होतं.

आता आमचे नाना पासष्टीचे. त्यांच्या तोंडात 'संपलं' हा शब्दच नाही. घरात कुंकू संपत नाही, ते वाढतं. दुकान बंद करत नाहीत, ते वाढवतात. माझ्या हातातला कागद बघून ते कडाडले. "माझ्या दुकानाच्या दारावर 'संपला'? मी गेल्यावर लाव!"

मग स्वतःच पुठ्ठा घेतला, जाड मार्कर घेतला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'नवीन फोनचा माल वाढला आहे.'

पंधरा मिनिटांत दारात ही गर्दी! "माल वाढला म्हणजे भाव उतरला असेल ना ताई?" मी कोणाकोणाला समजावू? कोणीतरी पाटीचा फोटो काढून कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि साहेबांचा फोन आला.

"नाना, हे काय लिहिलंय?"

"तुम्ही सांगितलं तेच."

"अहो, मी 'संपला' म्हणालो होतो, 'संपला'!"

नाना म्हणाले, "साहेब, दुपारच्या वेळी तरी शुभ बोला!"

*

नानांचं दुसरं दुकान धुळ्याला आहे. तिथला प्रमोटर जितू. गरीब गायीसारखा पोरगा, कधी उलट बोलला नाही. त्याचं लग्न ठरलं मे महिन्यात आणि कंपनीने लाँच टाकला नेमका त्याच तारखेला.

साहेब म्हणाले, "लग्नाची तारीख पुढे जाऊ शकते जितू. लाँचची नाही."

बोला! पत्रिका वाटून झालेल्या, हळद लागलेली, आणि ह्यांना नवरदेव काउंटरला पाहिजे! मी साहेबांशी एवढी भांडले, की चपलांच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. शेवटी साहेबांनी उपकार केल्यासारखी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. एका अटीवर. ग्रुपवर दर तासाला 'अपडेट' मागतील, त्याला उत्तर द्यायचं.

जितू मांडवात उभा. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू. खिशात फोन थरथरला. साहेबांचा मेसेज, "धुळे, अपडेट?"

अंतरपाट खाली आला, हार पडले, टाळ्या झाल्या. आणि नवरदेवाने एका हाताने ग्रुपवर लिहिलं, "एक पीस गेला, साहेब. कायमचा."

साहेबांनी त्याला अंगठा पाठवला.

*

धुळ्यालाच एकदा आम्हा सगळ्यांना हॉटेलात बोलावून ट्रेनिंग दिलं. पनीर खाऊ घातलं आणि वर ज्ञान दिलं. "गिऱ्हाइकाला 'फोन पाहिजे का' असं कधीच विचारू नका. त्याला नाही म्हणायची संधी मिळते. डायरेक्ट विचारा, 'कोणता कलर?'"

म्हणजे समोरचा माणूस बिनडोक आहे असं धरूनच चालायचं! मी तिथेच उठणार होते, जितूने पदर ओढून बसवलं.

दुसऱ्या दिवशी सराव म्हणून साहेबांनी मला जितूच्याच काउंटरला उभं केलं. तिथे एक आबा आले. धोतर, टोपी, खिशात ह्याच कंपनीचा गेल्या वर्षीचा फोन. साहेब बाजूला उभेच होते, म्हणून मी विचारलं, "आबा, कोणता कलर?"

आबांनी आपला फोन काढून नव्याशेजारी ठेवला. दोन्ही पालथे केले, उलथे केले. मग मला म्हणाले, "बहीण, ह्यामा नवं काय शे?"

ह्यात नवं काय आहे, ते मी ट्रेनिंगमधलं सगळं म्हणून दाखवलं. कॅमेरा असा, स्पीड तशी. आबा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी दोन्ही फोन धोतराच्या सोग्याखाली नेले, अदलाबदल केली आणि पालथे काउंटरवर ठेवले. "सांग, नवा कोणता?"

मी एकावर बोट ठेवलं. चुकलं! आबांनी पुन्हा अदलाबदल केली, ह्या वेळी साहेबांनी बोट ठेवलं, तेही चुकले!

"म्हंजे कलरच बदलना ना?" आबा म्हणाले. "मंग कव्हर दे. हिरवं."

*

आता हा शेवटचा किस्सा सांगते. तो मी कोणाला धड सांगितलेला नाही.

गेल्या वेळी कंपनीने लाँच टाकला सर्वपित्री अमावस्येला. दिल्लीकडे बसलेल्या माणसांना काय कळणार! आमच्या खान्देशात पित्तरांत कोणी नवा रुमालसुद्धा घेत नाही. गिऱ्हाईक येत होतं, फोन हातात घेऊन बघत होतं आणि म्हणत होतं, "उद्या घट बसले की नेतो ताई."

दुपारपर्यंत विक्री शून्य. साहेब दुकानात येऊन बसले. "चाळीसचा आकडा दिलाय मी वरती. आजच पाहिजे."

आता कंपनीची विक्री मोजायची रीत ऐका. फोन गिऱ्हाइकाने नेला म्हणजे विकला, असं नाही. डबा फोडला, सिम टाकलं, नेट चालू झालं, की वरती एक आकडा वाढतो. ती विक्री! वॉरंटीसुद्धा त्याच मिनिटापासून सुरू. मग तो फोन दिवाळीपर्यंत कपाटात का पडून राहीना!

"फोडा," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, मी लोकांना सीलपॅक म्हणून देते."

"मग परत सील करा. नाहीतर उद्यापासून ह्या काउंटरला दुसरी मुलगी उभी राहील. तिला जमेल."

नानांना पुढचा माल अडवायची धमकी आधीच मिळाली होती. आणि मी? मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. पोराच्या शाळेचा विचार केला, घराचा केला, आणि कटर हातात घेतला. आजही त्या हाताचा राग येतो मला.

नानांचं सिम, माझं सिम, चहावाल्याचं, नानांच्या साडूंचं, जी मिळाली ती सिमं ह्या फोनमधून त्या फोनमध्ये फिरवली. चालू कर, नेट लाव, आकडा वाढला, सगळं पुसून टाक, डब्यात घाल. वरून नवी पन्नी, आणि रिपेअरिंगच्या टेबलावरची हीटगन फिरवली की पन्नी चापून बसते. कोऱ्याहून कोरा डबा! संध्याकाळपर्यंत चाळीस. साहेब टाळ्या वाजवून निघून गेले. ग्रुपवर आलं, 'खान्देशने इतिहास घडवला!'

साहेब गेल्यावर नानांनी खिशातून स्वतःचा फोन काढला आणि त्यांचा चेहरा उतरला. "वैशाली, माझं सिम कुठंय?"

काउंटरवर नाही. खाली नाही. कचऱ्याच्या डब्यात नाही. सिम चाळिसांतल्या कुठल्यातरी एका डब्यात राहिलं होतं!

नाना एकेक डबा कानाशी नेऊन नारळासारखा हलवून बघायला लागले. सिम काय पाणी आहे वाजायला? मी म्हटलं, "सगळे फोडू या. निदान आता खरं ते होईल." पण पन्नीचा रोल वापरून झाला होता. नाना म्हणाले, "राहू दे. उद्या घट बसवून झाले की दुसरं सिम काढून आणतो. साहेबांना बोलू नको."

सकाळी मी एकटीने दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक अमळनेरची अक्का. बचत गटाचे पापड करते. ऑर्डरी फोनवरच येतात, फोटो पाठवावे लागतात. हातात पूजेचं ताट, त्यात हळदकुंकू आणि नारळ. तोंडभर हसत म्हणाली, "आजलोंग लेकना जुना फोन वापरा. हाऊ मना पहिला कोरा फोन शे, बहीण!"

आयुष्यातला पहिला कोरा फोन, आणि तो ह्या थप्पीतला! मी तिला दुसरा मॉडेल दाखवला, तिसरा दाखवला, उद्या या म्हटलं.

"कसाले? माले हाऊच जोयजे," अक्का म्हणाली. थप्पीतला वरचा डबा नको म्हणाली, "मझारना दे" म्हणत आतला, मधला मागून घेतला. दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "तू सांग. सीलपॅक शे ना?"

अकरा वर्षांत ह्या प्रश्नाचं उत्तर देताना मी कधी खाली बघितलं नव्हतं.

"हो अक्का," मी म्हटलं. "सीलपॅक."

तिने डब्याला हळदकुंकू वाहिलं. उंबऱ्यावर नारळ वाढवला. मग स्वतःच्या नखाने पन्नी फाडली, फोन पदराने पुसला आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळली. अक्काने आपल्या जुन्या फोनमधलं सिम काढायला घेतलं, तोच नवा फोन वाजायला लागला.

"आं?" अक्का दचकली. "मी तं आजून कार्ड बी नही टाकं!"

मी हात पुढे करेपर्यंत तिने हिरवं बटण दाबलं होतं. पापडाच्या कामात हात भरलेले असतात, म्हणून तिला स्पीकरवरच बोलायची सवय. दुकानभर साहेबांचा आवाज घुमला.

"नाना! कालपासून लावतोय, फोन बंद! अहो, चाळीसच्या चाळीस! वरचे मोठे साहेब लाइनवर आहेत, त्यांना एखाद्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचेत. कोरा डबा उघडल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, एवढंच विचारायचंय. आहे का कोणी समोर?"

अक्काने फोनकडे बघितलं. फाटलेल्या पन्नीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली.

मग खाली वाकून, एकेक शब्द मोजून, फोनमध्ये म्हणाली,

"शे ना. गिऱ्हाईकच बोली ऱ्हायनी. कोरा डबा उघाडा रे भाऊ, तं मझारथून तूच निंघना!"