आमच्या चोराचा राजीनामा

गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता टँकर आमच्या दारासमोर आला, सात मिनिटं थांबला आणि गेला. घरात त्या वेळी चार माणसं होती. चौघंही जागी होती. टाकीत थेंब पडला नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नळाला पाणी येऊन इतके दिवस झाले होते की आई नळाच्या तोटीवर पिशव्या अडकवायला लागली होती. टँकर आठ-दहा दिवसांनी एकदा यायचा, वेळ त्याच्या मर्जीची. आणि त्या शनिवारी बुद्धपौर्णिमा होती. विहारातल्या खिरीची पाळी आई चार वर्षं मागत होती आणि ती मिळाली नेमकी त्या वर्षी! दोघीतिघींनी सुचवलं, "बाई, पाणी न्हाई. पुढच्या वर्षी करा." आईनं भर बैठकीत सांगितलं, "आमच्याकडं टाकी हाय." (टाकी होती, हे खरंच. आत काय होतं, ते कोणी विचारलं नाही.) म्हणजे गुरुवारच्या त्या टँकरमध्ये पाण्याबरोबर आईची अब्रूही होती.

टँकर रिकामा का नाही झाला, त्याला कारण मी. मी आणि माझी दोनशे पानी वही.

झालं असं. माझी धाकटी बहीण सुषमा पुण्याला इंजिनिअरिंगला होती. सुट्टीला येताना तिनं होस्टेलवरून एक खेळ आणला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि वीस बाजूंचा फासा टाकून राक्षसाशी लढतात. टँकरची वाट बघत घरात बसून राहायचंच होतं, म्हणून आम्ही खेळायला लागलो. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. पुस्तक दिसलं की माझा हात राहत नाही. आठ दिवसांत मी ते अख्खं मराठीत उतरवलं, लाल शाईनं समासही आखले. सूत्रधारही अर्थात मीच झालो.

त्या पुस्तकाचा मुख्य नियम असा, की प्रत्येकाला सुरुवातीलाच एक पेशा मिळतो. योद्धा, जादूगार, चोर, वैद्य. योद्ध्यानं हत्यार चालवायचं, चोरानं कुलपं उघडायची. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही आणि पात्र मरेपर्यंत पेशा बदलायचा नाही. मी प्रत्येकाला एकेक कागद आखून दिला. वर नाव, खाली चौकटीत पेशा, त्याखाली 'येणाऱ्या गोष्टी'.

आई योद्धा झाली, कारण रांगेत तिच्यापुढे कोणी टिकत नसे. बाबा जादूगार. सुषमा चोर.

बाबा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले होते. आता ते नाहीत. त्यामुळे त्यांचं बोलणं मी आठवेल तसं लिहितो आहे. ते असते तर त्यांनी मधेच थांबवून दोन ठिकाणी दुरुस्ती केली असती.

पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "मी पाऊस पाडतो."

"तुमच्या पातळीला पाऊस येत नाही, बाबा."

"मग काय येतंय?"

"काठीच्या टोकाला उजेड पडतो."

"पाडतो मग उजेड. लाइट बी रोज जातीच हाय."

आईची वेगळीच तऱ्हा. गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा, हातात गदा. मी विचारलं, "आई, काय करतेस?"

"त्याला विचार, जेवला का."

"योद्ध्याला बोलणी करता येत नाहीत, आई. मारता येतं."

"उपाशी माणसाला मारू व्हय?"

"तो राक्षस आहे!"

"मग लईच भूक लागली असंल."

वाद सुरू केला तो सुषमानं. "दादा, पुण्यात आम्ही पेशे काढून टाकलेत. ज्याला जे शिकायचं ते शिकू दे. चोराला पट्टी बांधता आली तर काय बिघडतं?"

"मग खेळात राहिलं काय? सगळ्यांनाच सगळं यायला लागलं तर कोणाला कोणाची गरजच उरणार नाही."

हा वाद ऐकायला आमचे शेजारी अप्पा नेमानं यायचे. अप्पांचं किराणा दुकान होतं, गल्लीच्या टोकाला, मागे बोअर. ते मूळचे उदगीरचे, आणि उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा त्या वर्षी पुन्हा उठली होती. त्यामुळे अप्पांना कुठल्याही विषयावर बोलायला दिलं तरी ते जिल्ह्यावरच येत. त्यांनी सुषमाची बाजू घेतली. "हे बघा, लातूर बी आधी तालुकाच होतं की, उस्मानाबादचं! झालं का न्हाई जिल्हा? तालुका जिल्हा होतो, तर चोर वैद्य का होऊ न्हाई?"

"अप्पा, त्याला सरकारी आदेश लागतो."

"मग काढा की आदेश! वही तुमच्याकडंच हाय."

मी आदेश काढला नाही. उलट, त्या पेशांची शिस्त मला इतकी आवडली की मी ती टँकरलाही लावली! कारणही तसंच होतं. आधीच्या खेपेला चौघंही पाइपकडे धावलो होतो आणि टाकीचं झाकण उघडायला कोणीच नव्हतं. मी कागद केला आणि दाराच्या मागे चिकटवला. योद्ध्यानं पाइपचं तोंड पकडून जागा लढवायची. चोरानं टाकीचं कुलूप काढायचं. (त्या उन्हाळ्यात लोक घर उघडं टाकून जात, टाकी नाही.) जादूगारानं टाकी भरली की मोटर लावून पाणी वर चढवायचं. आणि तळाला, लाल शाईत: सूत्रधारानं मधे हात घालायचा नाही, फक्त देखरेख.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला.

बुधवारी संध्याकाळी गुहेत आई जखमी झाली. राक्षसाची गदा लागली, रक्त वाहायला लागलं. आमच्यात वैद्य कोणीच नव्हतं.

सुषमा म्हणाली, "मी पट्टी बांधते."

"चोराला पट्टी येत नाही."

"पट्टी बांधायला काय डिग्री लागते?"

"वैद्याचा पेशा लागतो."

"मी उजेड पाडतो," बाबा म्हणाले. दुसरं त्यांना काही येतच नव्हतं.

तर त्या उजेडात आमची आई तिघांच्या देखत वारली. तिनं फासा खाली ठेवला. "मी मरत होते आन् तुम्ही बघत होते," एवढंच म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली. सुषमा मात्र भडकली. गुरुवारी सकाळी तिनं मला लेखी राजीनामा दिला: 'मी आजपासून चोर नाही.' मी त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारला. ती गच्चीवर जाऊन बसली. कुलपाची किल्ली तिच्या गळ्यात.

आणि टँकर आला.

आईनं धावत जाऊन पाइप पकडला. ड्रायव्हर ओरडला, "मावशी, झाकण उघडा!" बाबा टाकीपाशी उभे. मी कागदाकडे बघितलं आणि गच्चीकडे तोंड करून ओरडलो, "सुषमा! कुलूप!"

"मी राजीनामा दिलाय!"

"तो मंजूर झालेला नाही!"

"मग हा घे तुझा पेशा!" असं म्हणून तिनं वरून किल्ली फेकली.

मी आयुष्यात एकही गोष्ट झेललेली नाही. किल्ली चष्म्यावर आपटली, तिथून खांद्यावर, आणि खांद्यावरून गटाराच्या फरशीच्या फटीत. गटारही कोरडं ठणठणीत होतं. त्यामुळे तळाशी पडलेली किल्ली स्पष्ट दिसत होती. हात मात्र जात नव्हता.

"अरे, कुलूप फोडा की!" आई ओरडली.

बाबांनी दगड उचलला, वर नेला. आणि मी (हे लिहिताना माझा हात अजून थांबतो) म्हणालो, "बाबा, हत्यार योद्ध्याचं आहे."

बाबा थांबले. माणूस तीस वर्षं नियमाच्या नोकरीतला. कागदावर लिहिलेलं आहे म्हटल्यावर हात आपोआप खाली आला.

"मग योद्धा येऊ दे," बाबा म्हणाले.

"मी येऊ? आन् पाइप सोडू?" आई.

"पाइप तू धर," बाबा मला म्हणाले.

"सूत्रधारानं मधे..."

"घेता का जाऊ, मावशी?" ड्रायव्हर.

"थांब रे बाबा, घरातले येडे झालेत!"

ड्रायव्हरनं थोडा वेळ आम्हा सगळ्यांकडे नीट बघितलं. मग आईच्या हातातून पाइप हलकेच सोडवला आणि पुढच्या घरी गेला. सुषमा तोवर जिना उतरून खाली आली होती. दगड बाबांच्या हातात तसाच होता. त्यांनी तो कुलपावर घातला. एका घावात कुलूप तुटलं. आत कोरडी टाकी.

आई ओट्यावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "शनिवारी खीर हाय," आणि पदरानं हात पुसत राहिली. ते ओले झालेलेच नव्हते.

मग बाबा बोलले. आवाज चढवला नाही.

"बापू, मी कंडक्टर. माझं काम तिकीट फाडायचं. औराद रोडवर गाडी बंद पडली, तर मी धक्का मारला का न्हाई? टायर बदलला का न्हाई? एका बाईला गाडीतच कळा सुटल्या, तर मी प्याशिंजर खाली उतरवून, तिला आडोसा करून, दोन म्हाताऱ्या बायांना आत धाडलं. तिथं मी म्हणलो का, मी वैद्य न्हाई?"

"नाही, बाबा."

"माझ्या बापाला गावानं असाच पेशा लावून दिला होता. जन्मायच्या आधी. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन पळायचं, आन् आडाला हात लावायचा न्हाई. का? तर तुझ्यात बसत न्हाई. ते सोडायला त्याला छप्पन साल उजाडावं लागलं. आन् तू तेच पुन्हा वहीत उतरवलंस." वर म्हणाले, "अक्षर मात्र चांगलं हाय."

यावर काय नियम आहे, ते बघायला मी वही उघडली. सवयीनं!

"ह्याच्यात तुझा पेशा काय रं?"

"सूत्रधार."

"म्हंजे काय करायचं?"

"बाकीचे नियमानं वागतात की नाही, ते बघायचं."

"आन् काम?"

"काम नाही."

"हां," बाबा म्हणाले. "गावात बी तशी दोन-चार घरं होती."

दाराच्या मागचा कागद मी स्वतः काढला. सुषमाचा राजीनामाही मंजूर केला, तारखेसह.

मग बाबा अप्पांकडे गेले. अप्पांच्या बोअरला करंगळीएवढी धार होती, तीही पहाटे दोन तास. अप्पा म्हणाले, "कंडक्टर, खिरीला न्हाई म्हणतो व्हय? न्या. पण उदगीर जिल्हा झालं की तुम्ही सगळे पेढे खायला यायचं." (उदगीर अजून तालुकाच आहे. आमचे पेढे अप्पांकडे जमा आहेत.)

शुक्रवारी आणि शनिवारी पहाटे आम्ही चौघंही कळशा-घागरी घेऊन गेलो. कोणी काय करायचं ते ठरवलं नव्हतं. धारेखाली भांडं धरायला कधी आई, कधी बाबा. सुषमानं शेजाऱ्यांची लुना मागून घेतली आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवून खेपा मारल्या. मी खांद्यावर घागर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. घरी पोहोचेपर्यंत माझा सदरा, चष्मा आणि अप्पांच्या दुकानासमोरचा रस्ता असं सगळं ओलं झालं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सडा पडला तो तेवढाच.

खीर बाबांनी ढवळली. आई शेजारी बसून "तळाला लागंल, तळाला लागंल" म्हणत होती आणि पाणी बेताचंच असल्यानं थोडी लागलीही. विहारात सगळ्यांना पुरली. ज्या दोघीतिघींनी पुढच्या वर्षी करा म्हणून सुचवलं होतं, त्यांतल्या एकीनं दोनदा घेतली. आईनं ते मोजून ठेवलं होतं.

परत आल्यावर बाबांनी पेटीतून तिकिटांचा जुना पंच काढला, चौघांचे कागद मागितले आणि प्रत्येकावर 'पेशा' लिहिलेली चौकट टक, टक, टक, टक करून फोडली. मग पेन घेऊन 'येणाऱ्या गोष्टीं'खाली एकेकाला लिहून दिलं. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत आम्ही तसेच खेळलो. आईनं राक्षसाला एकदाचं जेवू घातलं. तो गुहेतून निघून गेला. नियमात हे कुठंच नव्हतं.

बाबा गेले, त्याला आता वर्ष होत आलं. सुषमा नांदेडला असते. फासा हरवला. वही माझ्याकडे आहे, तिच्यात ते चार कागद आहेत, चारही भोकाचे. माझ्या कागदावर बाबांच्या अक्षरात एकच ओळ आहे: 'घागर आणणे (अर्धी).'

आई म्हणते, बापानं पोराला सांभाळून घेतलंय. घागर पावच होती.